डिब्बुक पेटीत राहत नाही

२०१२ सालच्या ‘द पझेशन’ या भयपटाबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये फिरतोय. त्याचा गोषवारा असा: सिनेमा सत्य घटनेवर आधारलेला आहे; डिब्बुक नावाच्या सैतानाला ज्यू लोक शेकडो वर्षं लाकडी पेटीत कोंडत आले आहेत; तशीच एक पेटी हिटलरच्या छळातून वाचलेल्या एका म्हातारीकडे होती; आणि चित्रीकरणानंतर गोदामाला लागलेली आग हा त्या पेटीच्या शापाचा पुरावा. सिनेमा पाहून कुणी घाबरलं तर माझी काही हरकत नाही. पण हा मजकूर एका समाजाची लोककथाही नासवतो आणि त्याचं दुःखही.

आधी ‘सत्य घटना’. २००३ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या केव्हिन मॅनिस यांनी वाइन ठेवायचं एक लाकडी कपाट (हीच ती ‘पेटी’) ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर विकायला काढलं आणि सोबत लांबलचक कहाणी लिहिली. कपाटात दोन जुनी नाणी, केसांच्या दोन बटा, वाळलेली गुलाबकळी, वाइनचा पेला. मागच्या बाजूला ज्यूंची ‘शेमा’ ही प्रार्थना कोरलेली. मूळ मालकीण एकशे तीन वर्षं जगलेली ज्यू आजी, आणि तिने हे कपाट स्पेनमध्ये घेतलेलं, असं त्यांनी सांगितलं. २००४ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने त्यावर लेख छापला आणि तिथून सिनेमा निघाला. पुढे केनी बिडल या संशोधकाने तपास केला, तेव्हा हा न्यूयॉर्कमध्ये बनलेला घरगुती मिनीबार असल्याचं त्याने दाखवून दिलं. २०२१ मध्ये तर मॅनिस यांनी स्वतःच ‘इनपुट’ मासिकाला सांगून टाकलं, की ही कथा मीच रचली. ज्याने गोष्ट जन्माला घातली तोच ती कल्पित असल्याचं सांगतो, तिथे आणखी काय शोधायचं?

यात मला सगळ्यात जास्त खुपते ती आजी. नाझींनी साठ लाख ज्यू मारले. जे वाचले त्यांनी न्यायालयांत, पुस्तकांत, कॅमेऱ्यासमोर साक्षी दिल्या, आणि तो संहार घडलाच नाही म्हणणारे लोक त्या साक्षींमध्ये खोट शोधायला टपलेले असतात. अशा वेळी माल खपवायला एक बनावट वाचलेली बाई उभी करायची आणि भूत तिच्या माथी मारायचं, हे निरुपद्रवी नाही.

आता डिब्बुक. तो सैतान नाही. ज्यू परंपरेत सैतानी शक्ती वेगळ्या, त्यांना ‘शेदिम’ म्हणतात. डिब्बुक म्हणजे मेलेल्या माणसाचा आत्मा. पापाच्या ओझ्यामुळे त्याला नरकातही शिरता येत नाही, म्हणून तो जिवंत माणसाच्या शरीराचा आसरा घेतो. आपल्याकडच्या राक्षसापेक्षा तो समंधाच्या जवळचा. सिनेमात मात्र पेटीतल्या शक्तीचं नाव अबिझू ठेवलंय. अबिझू ही पोरं हिरावणारी राक्षसी, जुन्या ग्रीक मजकुरांतून आलेली. तिला डिब्बुक म्हणणं ही पटकथेची सोय आहे.

या कथा सोळाव्या शतकात आजच्या इस्रायलमधल्या गॅलिली भागातल्या साफेद गावी, ज्यू गूढवादी गुरू इसाक लुरिया आणि त्यांचे शिष्य हाईम विताल यांच्या भोवती वाढल्या. पुढे पूर्व युरोपात त्या घरोघरी पोचल्या. ज्यू लेखक आन्स्की यांनी १९१२ ते १९१४ या काळात आजच्या युक्रेनमधल्या व्होलिनिया आणि पोडोलिया भागांतली खेडी फिरून लोककथा गोळा केल्या आणि त्या सामग्रीतून ‘डिब्बुक’ हे नाटक उभं केलं. वॉर्सात त्याचा पहिला प्रयोग डिसेंबर १९२० मध्ये झाला. महिनाभर आधीच ते वारले होते. नाटकात खोनेन हा गरीब विद्यार्थी लेआवर जीव लावतो. ही मुलं जन्मण्याआधीच दोघांच्या बापांनी सोयरीक ठरवलेली असते. लेआचा बाप पैशावर भुलून शब्द मोडतो. खोनेन मरतो आणि ऐन लग्नात लेआच्या तोंडून बोलू लागतो. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, काय करतो? भूत हाकलण्याआधी खटला भरवतो. खोनेनच्या मेलेल्या बापाला फिर्यादी म्हणून बोलावतो आणि जिवंत बापाला दोषी धरतो! इथे भुतालाही गाऱ्हाणं आहे, आणि ते ऐकून घेतलं जातं. सिनेमाने नेमकं हेच गाळलंय.

डिब्बुक काढायचा विधीही असाच सामुदायिक. दहा पुरुषांचा जमाव, तोराह या धर्मग्रंथाची गुंडाळी, शोफार हे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, बहिष्काराची धमकी. आत्म्याला नाव विचारायचं, पाप विचारायचं, त्याच्या मुक्तीसाठी प्रार्थना करायची आणि पायाच्या करंगळीतून बाहेर पडायला सांगायचं.

पेटी यात कुठेच नाही. कुणी म्हणेल, प्राचीन बाबिलोनियात मंत्र लिहिलेली मातीची वाडगी उंबऱ्याखाली पालथी पुरत, दुष्ट शक्ती अडकाव्यात म्हणून. खरंय, तिथल्या निप्पूर या जुन्या शहराच्या उत्खननात ती सापडली आहेत. पण ती शेदिमसाठी, आणि डिब्बुकच्या कथांच्या जवळपास हजार वर्षं आधीची. डिब्बुकला शरीर हवं असतं. कपाटात तो करेल काय?

आपल्याकडे ही पेटी २०१७ च्या ‘एज्रा’ या मल्याळम सिनेमातून आणि २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या हिंदी अवतारातून पोचली. पण मराठी बोलणारे ज्यू तर अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या बेने इस्रायलींच्या घरी नवस फेडताना एलियाहू हानबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा होतो. ज्यू लोकपरंपरेबद्दल पुढे पाठवायचंच असेल, तर हे पाठवा.

राहिली आग. गोदाम जळालं आणि चित्रीकरणातलं सामान गेलं, हे खरं. पण त्यातली पेटी सिनेमासाठी केलेली नक्कल होती. निर्माते सॅम रेमी यांनी मूळ कपाट मागवायलाच नकार दिला होता. ते तेव्हा मिसुरी राज्यात आपल्या मालकाकडे होतं. २०१६ मध्ये ते लास वेगासच्या भुताटकी संग्रहालयाच्या मालकाकडे गेलं, आणि तिथे ते तिकीट लावून दाखवलं जातं.