शंभराच्या थाळीवर वीस रुपये: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. टीपवरच्या माझ्या लेखाला तुम्ही बेळगावच्या शहापूरहून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं दिसलं नसतं. शंभराच्या थाळीवर वीस रुपये टीप ठेवावी असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं: हे म्हणजे वीस टक्के झाले, मोठ्या हॉटेलातसुद्धा लोक दहाच देतात. पगार द्यायचं काम मालकाचं. आणि आमच्यासारख्यांनी हात सैल सोडला की गॅसवाला पेन्शनरांच्या दारातही पैसे मागतो.

आपला खरा मतभेद टक्क्यांवर आहे. खडेबाजारातल्या खानावळीत दुपारी एकच्या गर्दीत वाढपी पोरगा एकेका ताटापाशी भात, आमटी, ताक घेऊन तीन-चारदा येतो. कुणी मराठीत हाक मारतं, कुणी कानडीत “अण्णा, स्वल्प सांबार हाकरी” (थोडं सांबार वाढा) म्हणतं, तो दोघांनाही त्यांच्या भाषेत उत्तर देतो. कॅम्पातल्या एसी हॉटेलात तेवढ्याच फेऱ्या होतात, फक्त बिल दीड हजाराचं येतं. दहा टक्क्यांच्या हिशेबानं एकाला दहा रुपये, दुसऱ्याला दीडशे. हा न्याय मला पटत नाही. म्हणून मी बिलाकडं न बघता माणसाच्या कष्टाकडं बघतो: खानावळीत वीस, मोठ्या हॉटेलात चौघं जेवलो तर पन्नास-साठ. तिथं दीडशे न ठेवल्याचा संकोच वाटायचं कारण नाही.

टक्क्यांची पद्धत जिथं सर्वांत घट्ट आहे, त्या अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार टीप मिळणाऱ्या नोकराला मालकानं तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. किमान वेतनाची बाकी रक्कम टीपेतून भरून निघते असं धरलं जातं. हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. कर्नाटकात हॉटेल कामगारांचं किमान वेतन सरकार ठरवतं आणि तुम्ही-आम्ही ठेवलेली टीप मालकाला त्यातून वजा करता येत नाही. म्हणजे पगाराबद्दल तुमचं बरोबरच आहे. म्हणूनच बिलात न विचारता घातलेला सर्व्हिस चार्ज मी देत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी त्याला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती मनाई उचलून धरली. काढायला सांगा, नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा. आणि टीप क्यूआरवर नको. ते पैसे बहुधा मालकाच्या खात्यात जातात, वाढप्याच्या हातात कधी पडतील कुणास ठाऊक. खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवाव्यात.

आता गॅस. घरपोच सिलिंडरच्या किमतीत पोचवण्याचा आकार धरलेलाच असतो. गोदामातून स्वतः आणलात तर तेवढे पैसे कमी होतात. पावतीवर आहे तेवढीच रक्कम द्या, वर मागितले तर एजन्सीत लेखी तक्रार करा. यात भिडेचं काही काम नाही. मात्र भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्याला मी न मागता वीस रुपये देतो, आणि देत राहीन. त्याला द्यायचे की नाही हे मी ठरवतो, तो नाही. तुमच्या दारात त्यानं हात पसरला तर ती त्याची चूक आहे, माझ्या वीस रुपयांनी ती बरोबर ठरत नाही.

ज्याला “नाही” म्हणायची सोय नाही त्याच्याकडून घेतलेला पैसा टीप नव्हेच. काही दवाखान्यांत बाळंतपण झालं की मुलगा असेल तर पाचशे, मुलगी असेल तर दोनशे असा दर लावून तिथले कर्मचारी बाळ हातात देतात. खानापूर, चिकोडीकडच्या गावांतून आलेली माणसं उसने पैसे काढून ते भागवतात. याचा मला मनापासून राग येतो. तिथं एक रुपयाही देऊ नये आणि नातेवाइकांनाही देऊ देऊ नये. सरकारी कचेरीतल्या “चहापाण्या”बद्दल तर बोलायलाच नको.

पावसाळ्यात तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडं पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांबद्दल तुम्ही म्हणता की कंपनी बघून घेईल. अशा ॲपवरून काम करणाऱ्या, म्हणजे गिग कामगारांसाठी कर्नाटकानं २०२५ मध्ये कायदा केला, कंपन्यांकडून कल्याण शुल्क घ्यायची तरतूद झाली, हे चांगलंच झालं. पण ते पैसे कल्याण निधीत जाणार. आज भिजत आलेल्या पोराच्या हातात काही पडत नाही, म्हणून मी तीस रुपये देतो.

दिवाळीचं पोस्त तुम्ही आजही पेपरवाल्याला आणि पौरकार्मिकांना, म्हणजे पालिकेच्या सफाई कामगारांना, देता हे वाचून आनंद झाला. त्यात माझ्याकडून काही सुचवायचं नाही.

शेवटी तुम्ही सलूनचं विचारलंत. मालक स्वतः केस कापत असेल तर टीप नको, दर त्यानंच ठरवलेला असतो. कामाला ठेवलेला पोरगा कापत असेल तर वीस रुपये गल्ल्यावर न ठेवता त्याच्याच हातात द्या.