मोरीला बोळा, छताला आठ भोकं

होम थिएटर करायचं ठरलं की माणूस आधी भिंतींच्या मागे लागतो. आवाज शोषणारी दगडी लोकर म्हणजे रॉकवूल भरतो, साडेबारा मिमी जिप्समचे दोन-दोन थर मारतो, दाराखाली रबराची पट्टी लावतो. काही जण अंड्यांचे ट्रेही चिकटवतात. त्याने आवाज अडत नाही, पण पाल खूश होते. मग फॉल्स सीलिंगही तसंच भरभक्कम होतं. आणि मग इलेक्ट्रिशियन येतो, ड्रिलला गोल भोकं कापणारा होल सॉ लावतो, छतात बसणाऱ्या लाईटसाठी चार-चार इंचांची आठ भोकं पाडतो आणि शीळ घालत जेवायला जातो.

‘एवढ्याशा भोकांनी काय होतंय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून हिशेब पाठच झालाय. बारा बाय पंधराची खोली, म्हणजे 180 चौरस फूट छत. आठ भोकं मिळून जेमतेम 0.7 चौरस फूट. अर्धा टक्कासुद्धा नाही! पण आवाजाला टक्केवारी कळत नाही, वाट कळते. भोकं उघडी धरली तर 50 डेसिबल अडवणारं छत 24 च्या आसपास येऊन बसतं. लाईट बसवल्यावर थोडं सुधारतं, पण पातळ पत्र्याच्या वाटीकडून अपेक्षा ती किती करायची? मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा, दुसरं काय.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक लाईटच्या डोक्यावर पेटी. अठरा मिमी एमडीएफची, 300 बाय 300, उंची 200 मिमी, खालून उघडी, बाहेरून जिप्समचा एक थर. सांधे ॲक्रिलिक अकूस्टिक सीलंटने भरायचे, कारण ते वाळल्यावरही लवचिक राहतं. पीओपीवाला तिथे व्हाईट सिमेंट दाबायला धावेल. त्याला चहाला पाठवा. व्हाईट सिमेंटला वर्षभरात केसाएवढी चीर पडते आणि आवाजाला केसाएवढी चीर म्हणजे महामार्ग. पेटी बोर्डावर चढवण्याआधी अंधार करून आत मोबाईलचा टॉर्च ठेवावा. जिथून उजेड डोकावतो, तिथून आवाजही जाणार.

अशी एक पेटी सात किलोंच्या घरात जाते. आठ पेट्या म्हणजे छप्पन्न किलो, म्हणजे सीलिंग पेलणाऱ्या चॅनेलला, त्या पत्र्याच्या पट्ट्यांना, जादा हँगर, तेही रबरवाले. सुतार मायेपोटी पेटी थेट स्लॅबला ठोकतो, ‘साहेब, हलणार नाही!’ हलली नाही हीच तर पंचाईत. छताची थरथर पेटीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून वरच्या काकूंच्या देवघरात. पेटी आणि स्लॅब यांच्यात इंचभर मोकळी जागा हवीच. म्हणजे सीलिंग नऊ-दहा इंच खाली. मूळ उंची साडेनऊ फूट असेल, तर घरातल्या उंच भाच्याला आधीच कल्पना द्यावी.

आता बंद पेटीत एलईडी घातला की तो तापतो. त्यातून कोणी पेटीत रॉकवूल कोंबलं तर दिव्याला गोधडीच पांघरल्यासारखं. दिवा टिकतो, आधी मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज देणारी छोटी डबी. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश जादा तापमानाला साधारण निम्मं होतं. म्हणून पाच-सात वॉटचा दिवा घ्या, ड्रायव्हर खोलीबाहेर हात पोचेल अशा जागी ठेवा आणि वायरचं आठ मिमीचं भोक सीलंटने बुजवा. ड्रायव्हर सीलिंगच्या पोटात राहिला, तर तो बदलायला ज्याने सीलिंग बांधलं त्यालाच ते फोडायला बोलवावं लागतं. तो दोन्ही वेळा तितकेच पैसे घेतो.

एवढं करूनही सबवूफरबरोबर कुठेतरी ‘झ्झ्झ’ होतंच. तो आवाज लाईटच्या स्प्रिंग क्लिपांचा. 20 ते 200 हर्ट्झचा टोन हळूहळू चढवत न्यावा, शिडीवर उभं राहून एकेका रिंगवर बोट टेकावं. जिथे बोट टेकताच आवाज थांबतो, ती चोर. क्लिपेला फेल्टची पट्टी, रिंगमागे पातळ ईव्हीए फोमची गोल चकती, काम झालं. गुणगुण मात्र बास नसतानाही येत असेल तर क्लिपेला बोल लावू नका. उजेड कमी-जास्त करणारा, पण दिव्याशी न जुळणारा डिमर बदला.

खरं सांगायचं तर मी असतो तर भोकंच पाडली नसती. बोर्डावरून बसणारे सरफेस लाईट, नाहीतर छताच्या कडेच्या खाचेत, म्हणजे कोव्हमध्ये, 24 व्होल्टची एलईडी पट्टी. सगळ्या छताला मिळून वायरीपुरती दोन भोकं, आणि ती बुजवायला सीलंटची एक नळी पुरून उरते. सिनेमा लागल्यावर दिवे तसेही बंदच करायचे असतात.

हे सगळं पटतं, कागदावर उतरतं, सुतार-इलेक्ट्रिशियन मान डोलावतात. आणि तेवढ्यात आतून आवाज येतो, ‘पण पंख्याचा हुक कुठे ठेवलाय?’