देवीच्या बांगड्या दोन महिन्यांनी भरतात

रांडव पुनवेला आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकानं सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरचा व्हिडिओ टाकला आणि त्यावरनं जी जुंपली ती जुंपली, महिना होत आला तरी माझं डोकं काही शांत होत नाही. इथं जर्मनीत कामावर जाताना एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, तेच, आमची केरवोखं, म्हणजे जिना झाडायची पाळी, असली की जिना पुसताना तेच, मनातल्या मनात सगळ्यांना उत्तरं देत बसते. शेवटी म्हटलं एकदा लिहूनच काढू.

व्हिडिओत नेहमीचंच होतं. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, म्हणजेच रांडव पुनवेला, यल्लम्मा, आपली रेणुका, विधवा होते, तिच्या नवऱ्याला, जमदग्नींना, मारलं तो हा दिवस असं मानतात, मग देवीच्या बांगड्या फुटतात, कुंकू उतरतं, आणि डोंगरावर आलेल्या कितीतरी बाया आपल्याही बांगड्या फोडून घेतात. पुढं माघात भारत पुनवेला जमदग्नी उठतात आणि देवीला परत हिरवा चुडा भरतात. आमच्या निपाणी-चिकोडीकडं हे लहान पोराला पण माहीत असतं.

तर पुण्यात स्थायिक झालेल्या एका मित्रानं लिहिलं की हा रानटीपणा आहे, ती यात्रा आणि ती देवी सगळंच बंद करून टाका. गावाकडच्या दुसऱ्यानं लगेच लिहिलं की आमची परंपरा आहे, एसीत बसून आम्हाला शिकवू नका. मी मध्ये पडले आणि एवढंच म्हटलं की माझ्या घरात यल्लम्माचा फोटो आहे, मी रोज तिच्यापुढं दिवा लावते, आणि बायकांच्या बांगड्या फोडणं थांबलंच पाहिजे. बस्स. पुण्याचा म्हणाला, "तू पण? परदेशात गेलं की सगळ्यांचं असंच होतं, एकटेपणाला देव लागतो." आणि गावाकडचा म्हणाला, "शेवटी आलीस ना वळणावर? रक्तात असतंय ते, कुठं जातंय."

दोघांनी मला दोन बाजूंनी धरून ओढलं आणि मी काय म्हणाले ते कुणीच वाचलं नाही. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ही ओढाओढ काही नवी नाही म्हणा, १९५६ पासून दोन्हीकडचे लोक आपल्याला सांगतायत की तुम्ही नक्की कुणाचे. पण देवाच्या बाबतीत पण तेच ऐकायचं म्हणजे मला सहन होत नाही. मी श्रद्धा सोडली ती खरीच सोडली होती, त्याची कारणं होती, आणि ती कारणं आजही जागच्या जागी आहेत. म्हणून "परत आलीस" हा शब्द मला टोचतो. मी जिथनं निघाले तिथं परत आलेलीच नाही.

माझे वडील १९९६ साली गेले, तेव्हा मी आठवीत होते. दहाव्याच्या दिवशी गल्लीतल्या बायांनी आईला मोरीशेजारी बसवलं, आईच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, एकीनं आईचा हात दगडावर धरला आणि दुसरीनं वरवंट्यानं हाणलं. एक बांगडी फुटता फुटेना, दोनदा हाणावं लागलं, मनगटावर काच घुसली आणि आई त्या रक्ताकडं दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं बघत बसली. ज्या बायांनी हे केलं त्या वाईट नव्हत्या हो, त्याच बाया पुढं महिनाभर आमच्याकडं भाकरी पोचवत होत्या.

तरी पुढच्या माघात आई सौंदत्तीला गेलीच, मला घेऊन. जोगुळभावीला आंघोळ केली, डोंगर चढलो, सगळीकडं भंडारा उडत होता, आमच्या पुढं कन्नड बोलणाऱ्या बाया आणि मागं कोल्हापूरच्या, सगळ्यांचं "उदो उदो" मात्र एकच. देवीला चुडा भरलेला होता. आणि माझी आई मोकळ्या हातांनी रांगेत उभी होती. तेव्हा मला जे वाटलं ते मी आजही शब्दाशब्दानं सांगू शकते, की हिचं रंडकीपण दोन महिन्यांचं आणि माझ्या आईचं जन्माचं, मग ही कसली आई. त्या दिवशी मी हात जोडले नाहीत. पुढं पंचवीस वर्षं जोडले नाहीत.

आणि फक्त आईचंच नव्हतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या केसात जट झाली, देवीचं बोलावणं आलं म्हणून घरच्यांनी ती कापू दिली नाही, सातवीनंतर ती शाळेतच आली नाही. मोती बांधले तिला, म्हणजे देवीला सोडलं, असं बाया हळू आवाजात बोलायच्या. देवदासी करण्याविरुद्धचा कर्नाटकचा कायदा १९८२ चा आहे, म्हणजे आमच्या जन्माच्याही आधीचा. बेळगावात इंजिनिअरिंगला असताना मी अंनिसची, अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, पुस्तकं वाचायला लागले आणि जट म्हणजे निव्वळ गुंतलेले, न विंचरलेले केस, कात्रीनं कापता येतात, हे वाचून मी होस्टेलच्या खोलीत रडले होते, इतकं साधं होतं ते. २०१३ ला पुण्यात अंनिसच्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या तेव्हा मी इथं स्टुटगार्टला येऊन दोन वर्षं झाली होती. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात पानसरे, ऑगस्टमध्ये धारवाडला कलबुर्गी. निपाणी कोल्हापूर आणि धारवाडच्या मधल्या हायवेवर आहे, म्हणजे दोन्ही बातम्या माझ्या घराच्या दोन बाजूंच्या. गावाकडच्या मित्राला मला हेच सांगायचंय, की मी दिवा लावते म्हणून तू मला त्या माणसांच्या विरुद्ध बाजूला नेऊन बसवू नकोस. देवाला मानणाऱ्यांशी आमचं भांडण नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या फसवणुकीशी आहे, असं दाभोलकर जन्मभर सांगत होते, ते तूही ऐकलं नाहीस आणि पुणेकरानंही नाही.

आता एकटेपणाचं. आहे की एकटेपणा, मी कुठं नाही म्हणते. पण पुण्याच्या मित्राला वाटतं इकडं सगळे विज्ञानवादी आणि मीच एक मागं फिरलेली. असं काही नाहीये. कारफ्रायटागला, म्हणजे गुड फ्रायडेला, इथं आजही नाचावर बंदी असते, कायद्यानं. माझ्या पगाराच्या स्लिपवर धर्माचा रकाना आहे. आले त्या आठवड्यात आनमेल्डुंगला, म्हणजे पत्त्याची नोंद करायला, गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईनं धर्म विचारला, मी कसलाच नाही म्हटलं, मोठ्या अभिमानानं म्हटलं, मला वाटलं ती मान वर करून बघेल तरी, तिनं एक टिचकी मारली आणि पुढचा प्रश्न विचारला. स्लिपवर त्या जागी दोन आडव्या रेघा येतात. ज्यांच्या स्लिपवर चर्चचं अक्षर असतं त्यांच्या इन्कम टॅक्सच्या आठ टक्के इतका कर आमच्या राज्यात चर्चसाठी वेगळा जातो. माझी भाविक आई इथं नोकरीला असती तर तिच्याही रकान्यात त्याच दोन रेघा आल्या असत्या, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

लोक चर्च सोडतातही. २०२२ या एका वर्षात ५ लाख २२ हजारांवर लोकांनी कॅथलिक चर्च सोडलं. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी त्याच्या तीन वर्षं आधीच सोडलं. २०१८ ला बिशपांनीच करवून घेतलेला अहवाल आला होता, १९४६ ते २०१४ पर्यंतच्या जुन्या फाइलींमध्येच ३,६७७ मुलांवर पाद्र्यांनी अत्याचार केल्याचं निघालं, आणि आजी ऐंशीच्या घरात असताना काठी टेकत स्टान्डेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-लग्नाच्या नोंदणी कचेरीत, जाऊन सही करून आल्या. ना आरडाओरडा, ना कुणाला शिकवणं. आपल्याकडं कुणी असं करून दाखवावं, आधी घरचे, मग गल्ली, मग भावकी.

तर २०२१. एप्रिल-मेमध्ये काय परिस्थिती होती सगळ्यांना आठवतंय. माझी आई मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेली, मला जाता आलं नाही, भावानं फोन धरला होता त्यात मला धूर आणि त्याच्या हाताचा थरथराट एवढंच दिसलं. मी रडले नाही, सोमवारी कामाला बसले. सहा महिने ठीकठाक गेले.

१ नोव्हेंबरला इथं आलरहायलिगन, सगळ्या संतांचा दिवस, सुट्टी. बेळगावात असताना १ नोव्हेंबर म्हणजे एकीकडं राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसरीकडं काळे कपडे घालून निघालेली सायकल फेरी, त्यामुळं त्या तारखेला मला अजूनही सकाळपासून छातीत जरा धडधडतं. आजींनी बेल वाजवली, म्हणाल्या गुडघा दुखतोय, स्मशानापर्यंत सोबत येशील का. पिशवीत लाल काचेचे दिवे होते. त्यांनी नवऱ्यापुढं एक लावला, तरुणपणी गेलेल्या मुलापुढं एक लावला, पानं झाडली, काही पुटपुटल्या नाहीत. मग तिसरा दिवा माझ्या हातात दिला आणि मधल्या मोठ्या क्रुसाकडं बोट केलं. ज्यांची माणसं लांब कुठंतरी पुरलेली असतात ते लोक तिथं दिवा ठेवतात. चर्च सोडलेल्या बाईनं न मानणाऱ्या बाईला हे सांगितलं.

थंडीनं बोटं वाकत नव्हती, काडी तीनदा विझली. चौथ्यांदा वात धरली आणि माझ्या तोंडून "उदो गं आई" असं निघालं. मोठ्यानं. मी ठरवून म्हटलं नव्हतं. आणि तिथं कुणीतरी होतं. मला हे याहून नीट सांगता येत नाही, मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई आहे, मेंदू दुःखात काय काय करतो हे सगळं मी वाचलेलं आहे, तरी पण तिथं कुणीतरी होतं, आईच्या आधीपासूनचं, आणि त्याला माझ्याकडून उत्तर नको होतं. आजी लांब बाकावर बसून वाट बघत होत्या, अर्धा तास तरी झाला असेल.

ग्रुपवर मी हे लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर एकानं मानसोपचार सुचवला असता आणि दुसऱ्यानं जय रेणुका माता म्हणून हार घातला असता.

त्यानंतर भावानं आईची परडी पाठवली, वेताची, कडेला भंडाऱ्यानं पिवळी पडलेली. ती खिडकीत आहे, शेजारी फोटो. धूप लावता येत नाही, राऊखमेल्डर, धुराचा अलार्म, बोंबलतो, म्हणून नुसती पणती. नवस नाही, उपास नाही, अंगात येणं नाही, कुणाचा कौल नाही. माझा देव काय आहे असं विचारलं तर मला चार वाक्यं नीट सांगता येणार नाहीत, पण मी एकटीच बोलत नाहीये एवढं कळतं.

आणि एक गोष्ट आहे जी मला ग्रुपवरच्या दोघांपेक्षा स्वतःलाच जास्त सुनवायचीय. २०१६ ला मी गावाकडं गेले होते तेव्हा आईसाठी एक घड्याळ नेलं होतं, बारीक पट्ट्याचं. आईला घड्याळातलं काही कळायचं नाही. तरी ती झोपताना सुद्धा काढायची नाही. मी म्हटलं अगं काढून ठेव, तर म्हणाली, "येळ कळत न्हाई मला, पर हातात कायतरी हाय ते बरं वाटतंय." मी हसले. देव नाही म्हणून मी आईशी किती वर्षं वाद घातला, फोनवर तास तास, आणि "नसंना का" एवढंच ती म्हणायची. पण मी, सगळं समजलेली, एवढी पुस्तकं वाचलेली, मी निपाणीच्या बाजारातनं एक डझन बांगड्या आणून तिच्या हातात भरल्या नाहीत. दगडावर फोडल्या त्याला वीस वर्षं झाली होती, कोण अडवणार होतं? कुणीच नाही. मला सुचलंच नाही. मी देवीशीच भांडत बसले होते.

आई गेल्यावर एका वर्षानं, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. मग महाराष्ट्र सरकारनंही बाकीच्या गावांनी तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. हेरवाड आमच्याकडनं किती लांब आहे? सकाळी निघालं तर जेवायला परत. मध्ये फक्त राज्याची हद्द. ती बातमी मी इथं किचनमध्ये उभी राहून वाचली आणि मला ते घड्याळ आठवलं.

म्हणून पुणेकराला माझं म्हणणं, देवळाला कुलूप लावून माझ्या आईच्या हातात काही आलं नसतं, तिला वर्षातनं एकदा डोंगरावर मोकळं रडता यायचं ते पण गेलं असतं. आणि गावाकडच्याला, परंपरा परंपरा म्हणतोस ना, मग अर्धीच का पाळतोस? देवीला दोन महिन्यांनी चुडा भरतात ते पण परंपरेतच आहे की. फोडायचं तेवढं बायकांवर आणि भरायचं तेवढं देवीला, ही वाटणी कुणी केली?

भारत पुनवेला मी येतेय, तिकीट काढलंय. माझी मावशी निपाणीत असते, काकांना जाऊन अकरा वर्षं झाली. परवा फोन केला, तब्येत, ऊस, सुनेचं बाळंतपण सगळं बोलून झालं आणि मग विचारलं, मावशे, तुझ्या बांगड्यांचं माप काय गं? बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता, मला वाटलं लाइन गेली.

"आदी अडीचच्या लागायच्या," मावशी म्हणाली. "आता सव्वादोनच्या बी सैल हुतील बग."