आनंद आधी की आरोग्य आधी?

‘आनंदी माणसे अधिक जगतात, लग्न झालेली माणसे अधिक सुखी असतात, आनंदी माणसांची कमाईही जास्त असते, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, तेव्हा आनंदी राहायचे ठरवा, बाकीचे आपोआप येईल,’ अशा आशयाचा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्यातली निरीक्षणे बहुतांशी खरी आहेत. माझा आक्षेप ‘तेव्हा’ या शब्दाला आहे. दोन गोष्टी सोबत आढळतात, एवढेच निरीक्षणातून कळते. त्यांतले कारण कोणते आणि परिणाम कोणता, की दोन्ही तिसऱ्याच कशाचे परिणाम आहेत, हे वेगळे शोधावे लागते.

पहिला मुद्दा दीर्घायुष्याचा, आणि तोच सर्वांत गंभीर. ब्रिटनमधील ‘मिलियन विमेन स्टडी’चे यासंबंधीचे निष्कर्ष डिसेंबर २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. सुमारे ७ लाख २० हजार मध्यमवयीन स्त्रियांना ‘आपण किती वेळा आनंदी असता’ असे विचारून पुढे सरासरी १० वर्षे त्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. या काळात त्यांच्यापैकी ३१ हजारांहून अधिक जणींचा मृत्यू झाला. नुसते आकडे पाहिले तर आनंदी नसलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण खरोखरच जास्त होते. मात्र आपली प्रकृती बरी नाही असे सुरुवातीलाच सांगणाऱ्या स्त्रिया बऱ्याचदा आनंदी नसलेल्यांतल्याच होत्या, आणि प्रकृती, धूम्रपान, आर्थिक स्थिती यांतले फरक हिशेबात धरल्यावर आनंद आणि मृत्यू यांचा संबंध उरला नाही. आजारपणाने आनंद हिरावला होता. आनंद नसल्याने आयुष्य घटल्याचे दिसले नाही.

यावर एक रास्त हरकत घेतली जाते. दुःखामुळेच प्रकृती ढासळत असेल, तर प्रकृतीचा फरक वजा करताना दुःखाचा परिणामही वजा होऊन जातो. शिवाय २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १८० कॅथलिक नन्सनी तरुणपणी लिहिलेली आत्मवृत्ते तपासली गेली आणि त्यांत आनंदाच्या भावना अधिक व्यक्त करणाऱ्या नन्स सरासरीने अधिक जगल्याचे आढळले. म्हातारपणीच्या आजाराने विशीतले लेखन उदास केले, असे अर्थातच म्हणता येत नाही. तरीही उपजत स्वभाव किंवा लहानपणापासूनची धडधाकट प्रकृती हेच लेखनातल्या उत्साहाचे आणि दीर्घायुष्याचेही मूळ असू शकते. म्हणजे प्रश्न अजून खुला आहे, आणि खुल्या प्रश्नाला ‘सिद्ध झाले आहे’ म्हणणे चुकीचे आहे. दुर्धर आजाराने खचलेल्या माणसाच्या हाती हा मजकूर पडतो तेव्हा ‘तुम्ही आनंदी राहिला नाहीत, म्हणून आजारी पडलात’ एवढेच त्याला ऐकू येते. आजाराच्या भाराखाली असलेल्या माणसावर पुराव्याविना हा दोष लादणे मला अन्यायाचे वाटते.

लग्नाबाबतही हाच घोटाळा आहे. अलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये जर्मनीतील त्याच त्या व्यक्तींची १७ वर्षांची माहिती अभ्यासली. पुढे ज्यांची लग्ने झाली, ती माणसे अविवाहित असतानाही इतर अविवाहितांपेक्षा अधिक समाधानी होती. विवाहित आणि अविवाहित यांची एकाच दिवशी तुलना करणाऱ्या पाहणीत हे दिसूच शकत नाही.

कमाईच्या बाबतीत दोन्ही दिशांना पुरावा आहे. एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली, तर तरुणपणी अधिक समाधानी असलेले भावंड पुढे अधिक कमावते, असे २०१२ मध्ये द नेव्ह आणि ओस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांना आढळले. दुसरीकडे, स्वीडनमधील लॉटरी विजेत्यांच्या २०२० मधील अभ्यासात मोठे बक्षीस मिळालेल्यांचे जीवनाविषयीचे समाधान दशकाहून अधिक काळ वाढलेले दिसले. इथे पैसा निव्वळ नशिबाने आला होता, समाधानी स्वभावामुळे नव्हे. आनंदाने पैसा येतो आणि पैशानेही समाधान येते, तर ‘बाकीचे आपोआप येईल’ हा एकेरी हिशेब कोलमडतो.

राहिला ‘ठरवा’ हा सल्ला. त्याच्या सर्वांत जवळ जाणारा पुरावा प्रयोगांतून मिळतो. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी ४६ जणांना ५ किंवा २० डॉलर दिले आणि ते स्वतःवर खर्चायचे की दुसऱ्यावर, हे प्रत्येकासाठी चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी अधिक आनंदी होते. कोणी काय करायचे हे त्यांच्या स्वभावावर सोडलेले नव्हते, म्हणून इथे कारण कोणते हे सांगता येते. मात्र मोजला होता तो त्या संध्याकाळचा आनंद, आयुष्याची वर्षे नव्हेत.