पाचवा महिना नव्हे, अठ्ठाविसावा दिवस

नव्याने लग्न झालेल्या मुलींच्या ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, गाभा तोच. पहिले तीन महिने गर्भ म्हणजे नुसता गोळा असतो, मेंदू आणि पाठीचा कणा पाचव्या महिन्यात तयार होतो. म्हणून सुरुवातीला एकही गोळी पोटात जाऊ देऊ नका. फॉलिक ॲसिड चौथ्या महिन्यापासून घ्या, आणि रोज वाटीभर पालक खात असाल तर तेही नको. शिवाय शेपूट असतं: घराण्यात कुणाला दोष नसेल तर निर्धास्त राहा, फिटची गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच बंद करा, सोनोग्राफीत ठोके दिसले की सगळं ठीक, आणि आपल्या आज्यांनी कुठे गोळ्या घेतल्या होत्या?

यातली बहुतेक वाक्यं एकाच चुकीवर उभी आहेत, आणि ती चूक दिवस मोजण्यातली आहे. म्हणून आधी कॅलेंडर घेऊ.

समजा, पाळीचा पहिला दिवस १ जून आणि चक्र २८ दिवसांचं. बीज १४-१५ जूनच्या सुमारास बाहेर पडतं. गर्भधारणा १५ जूनला झाली असं धरू. पुढची पाळी २९ जूनला यायला हवी, ती येत नाही. ३ जुलैच्या आसपास, म्हणजे अठराव्या दिवशी, गर्भाच्या पाठीच्या बाजूला पेशींचा एक जाडसर पट्टा दिसू लागतो. ही न्यूरल प्लेट. मेंदू आणि मज्जारज्जू दोन्ही हिच्यातूनच होणार. ७ जुलैच्या सुमारास पट्ट्याच्या दोन्ही कडा उचलून एकमेकींना चिकटू लागतात आणि त्याची नळी, म्हणजे मज्जानलिका, होऊ लागते. १० जुलैला डोक्याकडचं तोंड मिटतं, १२-१३ जुलैला शेपटीकडचं. एक-दोन दिवस इकडेतिकडे. गर्भ या वेळी जेमतेम चार मिलिमीटरचा असतो, तांदळाच्या दाण्याहून आखूड.

म्हणजे पाळी चुकल्यापासून दोन आठवड्यांत मज्जानलिकेचं काम आटोपलेलं असतं. ‘अजून चार दिवस वाट बघू’ म्हणणारीने तोवर किटही आणलेलं नसतं. दवाखान्यातली पहिली खेप बऱ्याचदा दीड-दोन महिने भरल्यावरच होते. गोंधळात भर म्हणजे डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून त्यांच्या कागदावर हाच दिवस ‘सहा आठवडे’ असतो, आणि भ्रूणशास्त्राच्या पुस्तकात ‘चार आठवडे’. दोन्ही बरोबर आहेत. ‘पाचवा महिना’ मात्र कोणत्याच मोजणीत बसत नाही.

आता ही नळी होते कशी, ते जवळून पाहायला हवं, कारण दोष नेमका कुठे येतो ते त्याशिवाय कळत नाही. करंजी डोळ्यांसमोर आणा. पारी मधोमध दुमडायची, कडेला कड लावायची आणि दाबत जायचं. न्यूरल प्लेटही अशीच मधोमध खाली वाकते आणि तिच्या कडा वर येतात. हे वाकणं पेशींच्या आकारामुळे होतं. पेशीच्या वरच्या टोकाशी प्रथिनांच्या धाग्यांचं कडं असतं. बटव्याची नाडी ओढल्यासारखं ते आवळलं की पेशी पाचरीसारखी होते, आणि अशा पेशींची रांग झाली की पट्टा तिथे दुमडतो. कडा आधी मानेच्या भागात चिकटतात आणि तिथून शिवण वर डोक्याकडे आणि खाली कमरेकडे सरकते. दोन्ही टोकं शेवटपर्यंत उघडी असतात. म्हणून दोषही बहुतेक टोकांनाच येतात.

वरचं तोंड मिटलं नाही तर ॲनेन्सेफली. कवटीचं छत बनत नाही आणि मेंदू उघडा राहतो. मेंदूची ऊती सुरुवातीला असतेच, पण गर्भजलात उघडी पडल्यामुळे आठवड्यागणिक झिजत जाते. असं बाळ जगत नाही. खालचं तोंड मिटलं नाही तर स्पायना बायफिडाचा मोठा प्रकार. कमरेशी मज्जारज्जू उघडा किंवा पातळ पिशवीत बाहेर आलेला, पायांत ताकद कमी, लघवी-शौचावर ताबा नाही, आणि पुष्कळदा डोक्यात पाणी साठणं. त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) खालच्या भागातला मज्जारज्जू वेगळ्या पद्धतीने, आधी भरीव दांडा होऊन मग पोकळ होत, तयार होतो. तिथले दोष वरून त्वचेने झाकलेले असतात आणि काही वेळा पुढे लहानपणीच लक्षात येतात.

कडा मिटत असतानाच त्यांच्या माथ्यावरून काही पेशी सुटून शरीरभर पांगतात. त्या न्यूरल क्रेस्टच्या पेशी. आतड्याच्या भिंतीतलं मज्जाजाळं, त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, चेहऱ्याची बरीचशी हाडं हे त्यांचं काम. त्या मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत पोचल्या नाहीत, तर बाळाला जन्मल्यावर शी होत नाही. त्या आजाराला हर्शस्प्रुंग म्हणतात.

मग पाचवा महिना आला कुठून? अगदी हवेतून नाही. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात आईला हालचाल जाणवू लागते आणि त्याच सुमारास ॲनॉमली स्कॅन (गर्भातली व्यंगं तपासणारी सोनोग्राफी) होतो, म्हणून ‘आता मेंदू आला’ असं वाटतं. खरं तर तोवर मेंदूच्या बाह्य थरातल्या बऱ्याच पेशी जन्माला येऊन आपापल्या जागी पोचलेल्या असतात. आतल्या पोकळीजवळ जन्मलेली पेशी लांबलचक आधारपेशीच्या दोरावरून वर चढते. आधी आलेल्या खालच्या थरात थांबतात आणि नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात. वळ्या मुख्यतः सहाव्या महिन्यानंतर पडतात. मज्जातंतूंवर मायेलिनचं वेष्टण चढायला गर्भातच सुरुवात होते आणि ते काम विशीपर्यंत चालतं. लहान मेंदूच्या कणिकापेशी तर जन्मानंतरही कित्येक महिने वाढत असतात. प्रौढ मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळपास ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत असतात. ‘गर्भात दर मिनिटाला अडीच लाख चेतापेशी बनतात’ हे पोस्टरवरचं वाक्य याच कारणाने फार मनावर घेऊ नये. एकूण आकड्याला नऊ महिन्यांच्या मिनिटांनी भागलं की साधारण तेवढं उत्तर येतं, इतकंच. वेग रोज सारखा नसतो आणि काम नऊ महिन्यांत संपतही नाही.

मेंदूची वाढ लांबपर्यंत चालते हे खरं. नळी मिटण्याची खिडकी मात्र आठवडाभराचीच.

आता गोळ्या. ‘पहिले तीन महिने कोणतीही गोळी नको’ हा सल्ला स्वतःच्या मनाने घेतलेल्या औषधांबाबत ठीक आहे. मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन तर गर्भधारणेच्या आधीच थांबवावं लागतं. पण फॉलिक ॲसिडला हाच नियम लावला की उपयोगाचा काळच निघून जातो. नळी मिटताना पेशी झपाट्याने दुभंगत असतात, प्रत्येक दुभंगाला नवा डीएनए लागतो आणि डीएनएच्या घटकांसाठी फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप). पुरावा पक्का आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलच्या चाचणीत, आधीच्या गर्भाला असा दोष असलेल्या १,८१७ स्त्रिया सात देशांतून घेतल्या होत्या. निकाल कळलेल्या १,१९५ गर्भारपणांत २७ गर्भांना दोष निघाला: फॉलिक ॲसिड घेणाऱ्या गटांत ६, न घेणाऱ्यांत २१. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. पुढच्याच वर्षी हंगेरीच्या चाचणीने दाखवलं की आधी काही इतिहास नसलेल्यांनाही फायदा होतो.

मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. दोन-तीन महिने आधी सुरू केलं तर जास्त चांगलं, कारण रक्तपेशींमधली पातळी हळूहळू चढते. हा काही परदेशी आग्रह नाही. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाच्या सूचनांतही गर्भधारणेच्या आधीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत ४०० मायक्रोग्रॅम असंच लिहिलं आहे. लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) चौथ्या महिन्यापासून सुरू होते. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा या दोन गोळ्यांची सरमिसळ केली आहे.

उलट बाजूचा घोळही आहे. औषधाच्या दुकानात ‘फॉलिक’ मागितलं की बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची पट्टी हातात येते. ही साडेबारा पट मात्रा झाली. ती ठरावीक जणींसाठी असते: आधीच्या बाळाला असा दोष होता, जोडप्यापैकी कुणाला आहे, फिटची औषधं चालू आहेत, गर्भधारणेच्या आधीपासून मधुमेह आहे. बाकीच्यांनी पट्टीवरचा आकडा वाचावा आणि ४०० मायक्रोग्रॅमची मागावी. जास्त मात्रेचा खरा धोका बी-१२ शी जोडलेला आहे. बी-१२ कमी असेल तर भरपूर फॉलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, आणि मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पुण्याजवळच्या गावांत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीत निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांचं बी-१२ कमी आणि फोलेटची कमतरता मात्र क्वचित आढळली होती. बी-१२ नसेल तर पेशीतलं फोलेट एका रूपात अडकून पडतं, वापरता येत नाही. शाकाहारी घरात नियोजन करतानाच बी-१२ तपासून घ्यावं, आणि कमी असेल तर दोन्ही सोबत घ्यावं.

पालक चांगलाच, पण हिशेब जमत नाही. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात साधारण १५० ते २०० मायक्रोग्रॅम फोलेट. उकडून पाणी ओतून दिलं की निम्मं गेलं. जे उरतं ते गोळीतल्या फॉलिक ॲसिडपेक्षा कमी शोषलं जातं. गोळीच्या ४०० ची बरोबरी करायला अन्नातलं सुमारे ६८० मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास शिजलेला पालक, रोज. पालेभाजी वाफेवर शिजवावी, डाळी-हरभरे-चवळी खावी, आणि गोळीही घ्यावी.

आज्यांचा मुद्दा सगळ्यांत भावनिक, म्हणून त्याला थोडा इतिहास. फोलेट या जीवनसत्त्वाचा माग लागला तोच मुंबईत. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर गिरणगावातल्या कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचं कारण शोधायला आली. लोह, बी-१२ नव्हे, काहीतरी तिसरंच कमी पडत होतं. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केलं. दहा वर्षांनी तोच घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळालं. म्हणजे आज्या-पणज्यांच्या काळी गोळ्या नव्हत्या हे बरोबर. त्या ठणठणीत होत्या, हे परळ-लालबागच्या त्या बायकांना लागू होत नाही. आणि कवटी नसलेली मृत बाळं घरच्या बाळंतपणात गुपचूप पुरली जात. त्यांची मोजणी कुणी केली?

‘घराण्यात नाही’ या दिलाशालाही आधार नाही. अशी बहुसंख्य बाळं कोणताही इतिहास नसलेल्या जोडप्यांनाच होतात. असं एक बाळ झाल्यावर पुढच्या खेपेला धोका शेकडा दोन-तीनपर्यंत चढतो, हे वेगळं. ग्रहणाबद्दल एवढंच: पाचव्या-सहाव्या महिन्यात घरात कोंडून घेतलेल्या बाईच्या बाळाची नळी तीन-चार महिन्यांपूर्वीच मिटलेली असते.

मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य फिटच्या गोळीचं. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधामुळे स्पायना बायफिडाचा धोका शेकडा एक-दोनपर्यंत जातो, हे खरं. पण पाळी चुकल्यावर कळेपर्यंत खिडकी बहुधा मिटलेली किंवा मिटत आलेली असते, आणि गोळी एकदम तोडली तर मोठी फिट येऊन आई आणि गर्भ दोघंही जिवानिशी जाऊ शकतात. औषध बदलायचं ते न्यूरॉलॉजिस्टला विचारून, गर्भधारणेच्या कित्येक महिने आधी. मधुमेहाचंही तसंच: एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) साडेसहाच्या खाली आणून मग दिवस राहू द्यावेत. पाचव्या महिन्यात साखर आटोक्यात आणणं इतर कारणांसाठी गरजेचंच आहे, नळीसाठी मात्र उशीर झालेला असतो.

उरली सोनोग्राफी. सहा-सात आठवड्यांच्या स्कॅनमध्ये ठोके दिसतात, म्हणजे हृदय चालू आहे. त्या वेळी कवटीचं हाड धरलेलंच नसतं, त्यामुळे ॲनेन्सेफली ओळखता येत नाही. ती अकरा ते चौदा आठवड्यांच्या स्कॅनमध्ये बहुतेकदा दिसते. उघडा स्पायना बायफिडा बऱ्याचदा अठरा ते वीस आठवड्यांत कळतो, आणि गंमत म्हणजे पाठीपेक्षा आधी डोक्यावरून: कपाळाच्या बाजू आत दबून कवटी लिंबासारखी दिसते, आणि लहान मेंदू खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो.

ज्यांनी हे सातव्या-आठव्या आठवड्यात वाचलं आणि गोळी आताच सुरू केली, त्यांनी ती सोडू नये. बारा आठवड्यांपर्यंत घ्यावी, कारण रक्त बनायला आणि गर्भाच्या पुढच्या वाढीलाही ती लागतेच. गोळी न घेताही बहुतेक नळ्या नीट मिटतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. अकरा ते चौदा आठवड्यांचा स्कॅन मात्र चुकवू नये, आणि ॲनॉमली स्कॅनची तारीख अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यातली मिळवावी. बावीस-तेवीसवर ढकलू नये. गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपाताचा निर्णय घेता येतो, त्यापुढे प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. स्कॅन उशिरा झाला तर दुसरं मत घ्यायलाच दिवस उरत नाहीत.