पाच तारे, खुब्याचं हाड आणि डिमेन्शिया : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेत आई-वडिलांसाठी नर्सिंग होम (हॉस्पिटलनंतर थेरपीसाठी किंवा कायमचं राहायचं ठिकाण) कसं निवडावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. आक्षेप थोडक्यात असा : 'सरकार तपासणी करून नर्सिंग होमला तारे देतं. ते सोडून रविवारी न कळवता जा, माणसं बघा, असं सांगणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. वडिलांचं खुब्याचं हाड मोडलंय, डिमेन्शिया आहेच, हॉस्पिटलने नर्सिंग होमची यादी हातात ठेवलीय आणि सोमवारी डिस्चार्ज. अशा घाईत पाच तारे बघायचे नाहीत तर काय बघायचं?'

तारे जरूर बघा. मीही आधी तेच बघते. पण ते कसे मिळतात हेही माहीत असू द्या. तपासणीचे तारे राज्यातल्या राज्यात तुलना करून देतात. न्यू जर्सीतल्या वरच्या दहा टक्क्यांना पाच, तळाच्या वीस टक्क्यांना एक. म्हणजे पाच तारे याचा अर्थ शेजारच्यांपेक्षा बरं, एवढाच. कर्मचाऱ्यांचे आकडे पगाराच्या नोंदींवरून येतात आणि २०२२ पासून त्यात शनिवार-रविवारची हजेरीही धरतात, म्हणून माझा त्यांच्यावर बराच भरवसा आहे. गुणवत्तेचे बरेचसे निकष मात्र होमने स्वतः भरून दिलेल्या माहितीवर उभे आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी ही माहिती मेडिकेअरकडे (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) आलेल्या हॉस्पिटलच्या बिलांशी ताडून पाहिली. पडून मोठी इजा झाल्याच्या घटनांपैकी ५७.५ टक्केच होमने नोंदवल्या होत्या. तुमच्या वडिलांना सगळ्यात मोठी भीती पुन्हा पडण्याची, आणि नेमका तोच आकडा इतका कच्चा!

शिवाय गुणवत्तेचे तारे दोन वेगळे असतात, थोड्या दिवसांसाठी आलेल्यांचे वेगळे आणि कायम राहणाऱ्यांचे वेगळे. वडील थेरपीसाठी, म्हणजे पुन्हा चालायला लावणाऱ्या व्यायामांसाठी, चाललेत म्हणून फक्त पहिले बघू नका. डिमेन्शियाची माणसं तिथे कशी सांभाळतात, याचा सुगावा दुसऱ्यात लागतो. मनोविकारावरची औषधं किती जणांना देतात तो आकडा तिथेच सापडेल. त्यातही स्किझोफ्रेनियाचं निदान असलेल्यांना मोजत नाहीत, आणि काही होम ते निदान उगाच चिकटवतात असं दिसल्यावर २०२३ मध्ये सरकारला त्याची पडताळणी सुरू करावी लागली. म्हणून थेट विचारा, 'रात्री ओरडाआरडा केला तर तुम्ही आधी काय करता?' दुखतंय का, लघवीला जायचंय का, चष्मा-श्रवणयंत्र कुठे आहे, हे उत्तरात आधी आलं पाहिजे. गोळीचं नाव आधी आलं तर मी तिथून उठेन.

माझ्या मूळ लेखातला मुद्दा हाच होता. थेरपी उत्तम आणि डिमेन्शियाची काळजीही उत्तम, हे दोन्ही असूनही ते एकमेकांना भेटतच नाहीत अशी ठिकाणं आहेत. माझ्या सासूबाई जिथे होत्या (नाव देत नाही) तिथली व्यायामाची खोली देखणी होती. थेरपिस्ट एका दमात सांगायची, वॉकर धरा, पुढे सरका, उजव्या पायावर भार देऊ नका, उभ्या राहा. सगळं इंग्रजीत. सासूबाई तिच्याकडे बघून हसायच्या आणि जागच्या हलायच्या नाहीत. कागदावर नोंद पडली, 'रुग्ण सहकार्य करत नाही'. मग एक फिलिपिनो थेरपिस्ट आली. तिने त्यांचा हात खुर्चीच्या हातावर टेकवला, आमच्याकडून शिकलेला 'उठा' एवढाच शब्द उच्चारला आणि थांबली. घाई न करता थांबली. सासूबाई उठल्या.

सूचना लक्षात राहत नसली तरी शरीराची सवय बऱ्याचदा टिकून असते. पण त्यासाठी शक्यतो तोच माणूस, तीच वेळ आणि एका वेळी एकच गोष्ट लागते. तेव्हा रोज किती मिनिटं, एकट्याला की गटात, आणि थेरपिस्ट रोज बदलणार का, हे विचारून घ्या. २०१९ च्या ऑक्टोबरपासून मेडिकेअर थेरपीच्या मिनिटांवर पैसे मोजत नाही, त्यामुळे हे आपणच विचारावं लागतं.

आता रविवार. संध्याकाळी डिमेन्शियाची माणसं जास्त बेचैन होतात आणि तेव्हाच साहेबलोक घरी गेलेले असतात. त्या पाळीला किती नर्स आणि किती साहाय्यक आहेत, हे रोज सगळ्यांना दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार दिवसा आठ जणांमागे एक सीएनए (प्रमाणित नर्सिंग साहाय्यक), संध्याकाळी दहा जणांमागे आणि रात्री चौदा जणांमागे थेट सेवा देणारा एक कर्मचारी हवा. कागद वाचा आणि मजल्यावर माणसं मोजा. यात अंदाजपंचे काय आहे? जेवणाच्या वेळी ट्रेची झाकणं कोण काढून देतं तेही बघा. झाकण तसंच ठेवून पुढे जायचं आणि नंतर 'जेवले नाहीत' म्हणून ट्रे उचलायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आज शुक्रवार, म्हणजे तुमच्या हातात रविवार आहे. यादीतली जवळची दोन निवडा, संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा. आणि पुढे कधी 'प्रगती थांबली, म्हणून थेरपी बंद' असं ऐकवलं तर मान डोलावून घरी येऊ नका. २०१३ मध्ये 'जिमो' नावाच्या खटल्यात सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर हे स्पष्ट झालंय की आहे ती ताकद टिकवायला कुशल हातांची गरज असेल, तर केवळ सुधारणा होत नाही म्हणून मेडिकेअर नाकारता येत नाही. बंद करण्याची लेखी नोटीस किमान दोन दिवस आधी मिळते. तिच्यावरच अपिलाचा फोन नंबर असतो, तो त्याच दिवशी लावा.