हिरव्या पाण्यात प्लवक मरतात म्हणे!

भाचीनं शाळेच्या प्रकल्पात हा फॉरवर्ड जसाच्या तसा उतरवलेला पाहिला आणि गप्प बसवेना. मजकूर थोडक्यात असा: समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, आता निम्मा समुद्र हिरवा झालाय, वनस्पती प्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या, प्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांना) हिरवा प्रकाश वापरताच येत नाही, म्हणून ते मरताहेत, ते संपले की काही वर्षांत आपला ऑक्सिजन संपणार. वर 'नासाचा इशारा', खाली 'सर्वांना पाठवा'.

प्रतिबिंबाचा मुद्दा १९२१ मध्येच निकालात निघालाय. सी. व्ही. रामन यांनी बोटीवरून निकोल प्रिझममधून (परावर्तित प्रकाश गाळणाऱ्या स्फटिकातून) समुद्र पाहिला. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा आकाशाचा प्रकाश कापला, तर निळाई जायच्याऐवजी आणखी खुलली. पुढे बोलायला नको.

खरा कहर तिसऱ्या मुद्द्यात आहे. हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश शोषतं, इथवर ठीक. पण खुल्या समुद्रात पाणी हिरवट होतं ते बहुधा प्लवकांमुळेच! निळा त्यांनी शोषला, तांबडा बराचसा पाण्यानंच गिळला, हिरवा उरला. म्हणजे या मेसेजच्या हिशेबानं प्लवक वाढले म्हणून प्लवक मेले. लिहिणाऱ्यानं स्वतःचं वाक्य एकदा तरी वाचायचं होतं.

आणि हा उरलेला हिरवा वाया जात नाही. सगळ्या प्लवकांकडे नुसतं हरितद्रव्य नसतं. डायटम नावाच्या प्लवकांकडे फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य असतं, ते निळ्या-हिरव्या पट्ट्यातला प्रकाश टिपतं. सायनेकोकॉकस या प्लवकाच्या लालसर जातींकडे फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य असतं, त्याचं कामच हिरवा प्रकाश पकडणं. मायके स्टॉम्प, येफ हाउस्मन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'नेचर'मध्ये याचा प्रयोगच मांडला. एक लालसर आणि एक हिरवट सूक्ष्म सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू) एकत्र वाढवले. हिरव्या प्रकाशात लालसर जिंकला, तांबड्या प्रकाशात हिरवट, आणि पांढऱ्या प्रकाशात दोघेही टिकले. स्वतःची रंगद्रव्यं बदलू शकणारा तिसरा गडी आत सोडला, तर तो इतरांनी न वापरलेला रंग वापरून तगला. पाण्यातल्या प्रकाशाचा रंग बदलला की तिथे कोण राहणार हे बदलतं. सगळे मरत नाहीत. उलट टोकाला प्रोक्लोरोकॉकस हा प्लवक पाहा. स्वच्छ महासागरात जवळपास २०० मीटर खोलवर, जिथे अंधूक निळा प्रकाश तेवढा पोचतो, तिथे तो जगतो.

ऑक्सिजनचं थोडक्यात: पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा साधारण निम्मा वाटा समुद्राचा, हे खरं. पण तिथे तयार झालेला बहुतेक ऑक्सिजन तिथलेच जीव वापरतात, आणि हवेतला साठा वर्षभराच्या उत्पादनाच्या हजारो पट आहे. काही वर्षांत संपायला ते काय सिलिंडर आहे?

आता नाइलाजानं एक कबूल करावं लागतं. रंग बदलतोय, हे खोटं नाही. २०२३ मध्ये 'नेचर'मधल्याच एका अभ्यासात २० वर्षांच्या उपग्रह-नोंदी तपासल्या, तेव्हा महासागरांच्या ५६ टक्के पृष्ठभागावर रंगात लक्षणीय बदल आढळला. विषुववृत्ताजवळचे समुद्र एकंदरीत हिरवटपणाकडे झुकलेत. हा फरक बहुतांशी डोळ्यांना दिसणारा नाही. त्यातून परिसंस्था बदलत असल्याचं कळतं आणि ते काळजीचंच आहे, कारण प्लवक बदलले की त्यांना खाणारेही बदलतात. पण प्लवक मरताहेत, असा निष्कर्ष त्यात नाही. उपग्रह नासाचा होता, एवढाच 'इशाऱ्या'तला नासा. नासाचंच हवं असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेल्या 'पेस' उपग्रहाबद्दल वाचा: पाण्याच्या रंगातल्या बारीक छटांवरून कुठे कोणत्या गटाचे प्लवक आहेत, हे तो शोधतो.